सासऱ्यांच्या मागे घरात राहिलेली दुनळी

पत्राचा सारांश : शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे पती नोकरीमुळे परगावी असतात आणि महिन्यातून एकदा-दोनदा घरी येतात. घरात त्या स्वतः, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि दहावीतला मुलगा असतो. आठ महिन्यांपूर्वी सासरे वारले. त्यांच्या नावावर परवाना असलेली बारा बोअरची दुनळी बंदूक, काही काडतुसे आणि रिकाम्या पुंगळ्या (काडतुसांची कवचे), टोप्या (काडतुसाच्या बुडाशी बसणाऱ्या, ठोक्याने दारू पेटवणाऱ्या) व काडतुसे पुन्हा भरण्याची हातसाधने असलेली एक पत्र्याची पेटी अजून घरातच आहे. अलीकडे आसपासच्या वस्त्यांवर चोऱ्या झाल्या आणि एका ठिकाणी वृद्ध जोडप्याला मारहाणही झाली. दीर म्हणतात, "बंदूक असू दे घरात, कोण विचारायला येतंय? नाहीतर मी घेऊन जातो, माझ्याकडे परवाना आहेच." मुलाने इंटरनेटवर व्हिडिओ पाहून पुंगळ्या भरून पाहण्याचा हट्ट धरला आहे. बंदूक ठेवावी, आपल्या नावावर करून घ्यावी, की ती देऊन रिव्हॉल्व्हर घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली भीती खरी आहे, आणि ती खोडून काढण्याचा माझा इरादा नाही. हाकेच्या अंतरावर घर नाही, रात्री वीज जाते, पोलिसांची गाडी यायला वेळ लागतो. अशा ठिकाणी दोन बायका आणि एक मुलगा राहत असतील तर कुणालाही धास्ती वाटेल. मात्र तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टींची गाठ बसली आहे : सासऱ्यांची आठवण असलेली वस्तू, ती बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आणि तुमच्या घराची सुरक्षितता. यांतली एक हाती आली म्हणजे उरलेल्या दोन्ही आपोआप मिळतात, असे तुमच्या पत्रात कुठेतरी गृहीत धरलेले आहे. मला ते मान्य नाही.

आधी अधिकाराचे पाहू, कारण ते थांबू शकत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना व्यक्तीला मिळतो आणि त्यावर त्या विशिष्ट शस्त्राची नोंद असते. घर, जमीन, दागिने यांप्रमाणे तो वारसांकडे चालत येत नाही. सासरे गेले त्या दिवशी त्यांचा परवाना त्यांच्यासोबत संपला, आणि तेव्हापासून ती बंदूक व ती काडतुसे घरातल्या कुणाच्याही कायदेशीर ताब्यात नाहीत. अशा वेळी काय करायचे हे याच अधिनियमाच्या कलम २१ मध्ये सांगितले आहे : शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा नियमांत बसत असेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचा. विनापरवाना बंदूक बाळगण्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे, आणि तिची किमान मर्यादाही कायद्यानेच ठरवून दिली आहे. "कोण विचारायला येतंय" हे दिरांचे म्हणणे व्यवहारात काही दिवस खरे ठरेलही, पण चोरीच्या तपासासाठी पोलिस वस्तीवर आले किंवा चोरांनी ती बंदूकच उचलून नेली, तर विचारणारे बरेच असतील आणि उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.

दिरांचा दुसरा पर्यायही बाद आहे. त्यांचा परवाना त्यांच्या बंदुकीचा आहे. वडिलांची बंदूक त्या परवान्यावर चढवून घेतल्याशिवाय ती त्यांच्या घरी ठेवणे म्हणजे बेकायदा ताबा एका घरातून दुसऱ्या घरात हलवणे होय, आणि तो हलवण्यात तुमचा हात असल्याचे दिसेल. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारसाने आलेले शस्त्रही त्या दोनांतच धरले जाते. त्यांच्याकडे आधीच दोन असतील तर तो विषय तिथेच संपतो.

म्हणून या आठवड्यात करायचे ते असे. पतींना रजा घेऊन बोलवा आणि फौजदारी कामे पाहणाऱ्या एखाद्या वकिलाशी तासभर बसा. आठ महिन्यांचा उशीर झालेला असल्यामुळे अर्जातली भाषा त्यांच्याकडून तपासून घ्यावी असे मला वाटते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या द्या. बंदूक गोणपाटात गुंडाळून दुचाकीवरून ठाण्यात नेऊ नका. आधी ठाण्यात फोन करा, लेखी कळवा आणि पोलिसांनीच घरी येऊन पंचनामा करून ती ताब्यात घ्यावी अशी विनंती करा. ते तुम्हालाच आणायला सांगतील तर तसे लेखी घ्या. हातात पोच आल्याशिवाय काम झाले असे समजू नका, आणि त्या पोचेवर बंदुकीबरोबर प्रत्येक काडतुसाचा व त्या पत्र्याच्या पेटीतल्या सामानाचा उल्लेख आहे ना, ते जागेवरच वाचून पाहा. स्वतःहून जाऊन हकिगत सांगणाऱ्या कुटुंबाकडे आणि झडतीत बंदूक सापडलेल्या कुटुंबाकडे एकाच नजरेने पाहिले जात नाही. उशीर झाला म्हणून आणखी उशीर करणे हा मात्र सगळ्यांत वाईट मार्ग आहे.

तोपर्यंत ती बंदूक उघडून पाहू नका. ती भरलेली आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नसेल तर ती भरलेलीच आहे असे धरून चाला. कपाटाला कुलूप लावा, किल्ली तुमच्या अंगावर ठेवा. काडतुसे वेगळी असतील तर ती दुसऱ्या कुलपात ठेवा, आणि किल्ली कुठे आहे हे मुलाला कळू देऊ नका.

आता त्या पत्र्याच्या पेटीविषयी. मला विचाराल तर तुमच्या घरातली सर्वांत धोकादायक वस्तू बंदूक नसून ती पेटी आहे, आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेख जवळजवळ जाता जाता केला आहे. काडतुसे भरणे हा काही देशांत नेमबाजांचा रीतसर छंद आहे, तिथे त्याची यंत्रे आणि बंदुकीच्या दारूचे डबे दुकानात मिळतात, आणि मुलाने पाहिलेले व्हिडिओ बहुधा तिकडचेच आहेत. आपल्याकडे दारूगोळा तयार करण्यासाठी अधिनियमाच्या कलम ५ खाली स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक ताब्यात ठेवण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. कलम ५चा भंग करून शस्त्र किंवा दारूगोळा बनवला तर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे "आम्ही भरले कुठे, नुसती साधने ठेवली आहेत" हा बचाव वाटतो तेवढा भक्कम नाही. पूर्वी सासऱ्यांनी ती कशी आणि कोणाच्या संमतीने वापरली हा प्रश्न आता उकरण्याची गरज नाही. पेटी बंदुकीबरोबरच जमा करा.

कायदा बाजूला ठेवला तरी मुलाला नाही म्हणण्याचे कारण उरतेच, आणि ते त्याला नीट समजावून सांगण्याजोगे आहे. काडतुसातली दारू ही एकच एक वस्तू नाही. जुनी काळी दारू आणि आजची धूरविरहित दारू यांचा जळण्याचा वेग आणि त्यांतून निर्माण होणारा दाब यांत फार मोठा फरक असतो; एकीचे माप दुसरीला लावले तर दाब नळीच्या सोसण्यापलीकडे जातो आणि नळी फुटते. फुटते ती दस्त्याजवळच्या भागात, जिथे दाब सर्वांत जास्त असतो आणि जिथे पुढचा हात आणि चेहराही असतो. दारू कमी पडली तरी धोका टळत नाही, कारण दारू आणि छर्रे यांच्या मधला डाट अर्ध्या नळीत अडकून राहतो आणि पुढचा बार त्या अडथळ्यावर जाऊन आदळतो. टोपी तर नुसत्या दाबानेही उडू शकते. त्यातच बंदूक जुनी असेल, तिच्या नळ्या पूर्वीच्या पद्धतीने लोखंडाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या असतील, तर आजची कारखान्यातली काडतुसेसुद्धा तिला झेपतील याची खात्री नसते. दहावीतल्या मुलाला हे रसायनशास्त्राच्या तासासारखे समजावले तर तो ऐकेल. "हात लावशील तर बघ" एवढेच सांगितले तर तुम्ही शेतात गेल्यावर पेटी उघडली जाईल.

जुन्या काडतुसांबद्दलही तेवढीच काळजी घ्या. कागदी पुंगळी दमट हवेने फुगलेली असते, पितळी बुडावर हिरवा थर चढलेला असतो, आणि "एखादे उडवून पाहू, चालतात का" असा मोह घरातल्या पुरुषांना हमखास होतो. चाप ओढल्यावर बार उडाला नाही म्हणजे तो उडणारच नाही असे नसते. काही क्षणांनी, नळी उघडत असतानाही तो उडू शकतो. ती काडतुसे फोडून छर्रे काढू नका, विहिरीत टाकू नका, बांधाला पुरू नका आणि जाळू तर मुळीच नका.

मुलाची आवड मात्र अशी मारून टाकू नका. एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही, त्यामुळे "वेळ आली तर मुलगा बंदूक काढेल" हे तुमच्या पत्रातले वाक्य आजच मनातून काढून टाका. पंधरा वर्षांच्या पोरावर घराच्या रक्षणाचा भार टाकणे कायद्याने चुकीचे आहेच, आई म्हणूनही ते तुम्हाला नको असणार. त्याला नेमबाजी शिकायची असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी मान्यताप्राप्त रायफल क्लब आहे का ते पाहा. तिथे सुरुवात दहा मीटर एअर रायफलने होते, आणि पहिले काही दिवस तर नुसते हत्यार कसे धरायचे आणि कुठे रोखायचे नाही एवढेच शिकवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, हे त्याला सांगायला हरकत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. परवाना तुमच्या किंवा पतींच्या नावावर होऊ शकतो का? होऊ शकतो. २०१६च्या शस्त्र नियमांत मृत परवानाधारकाच्या वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. पोलिस आयुक्तालय असेल तिथे आयुक्तांकडे आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. सासूबाई आणि दीर हेही वारस असल्यामुळे त्यांची लेखी हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतील. पोलिस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचे आणि सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते, बंदूक घरी कशी ठेवणार हे सांगावे लागते, आणि परवाना मिळाला तर तो पाच वर्षांचा असतो. या सगळ्या काळात बंदूक जमाच राहील. जमा ठेवण्यालाही मुदत असते. त्या मुदतीत परवाना मिळाला नाही किंवा शस्त्र परवानाधारकाला विकले नाही, तर नोटीस देऊन ते सरकारजमा होऊ शकते. तेव्हा "ठाण्यात आहे ना, मग निश्चिंत" असे करू नका. पोचेवरची तारीख वहीत लिहून ठेवा.

रिव्हॉल्व्हरचा विचार मात्र मी सोडून द्या म्हणेन. कायदा वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीकडे, म्हणजे तुमच्या दुनळीसारख्या हत्याराकडे, स्वसंरक्षणासाठी त्यातल्या त्यात मोकळेपणाने पाहतो. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. आपल्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, त्यामुळे नकार मिळाला तर अपिलाचा मार्ग आहे, पण हक्काचा दावा नाही. शिवाय आखूड नळीचे हत्यार नेमके चालवणे बंदुकीहून अवघड असते आणि ते सरावाशिवाय जमत नाही.

पण परवाना मिळू शकतो म्हणून तो घ्यावा का? इथे तुम्ही एकदा रात्रीचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. नियमाप्रमाणे आणि शहाणपणाप्रमाणे बंदूक कुलपात, रिकामी, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असणार. दोन वाजता कडी वाजते. तुम्हाला झोपेतून उठून, अंधारात, थरथरत्या हातांनी दोन कुलपे उघडून, बंदुकीची नळी खाली वाकवून उघडून, काडतुसे घालून दाराशी यायचे आहे. समोर बहुधा एक नसून तीन-चार जण आहेत, आणि तुमच्याकडे दोन बार आहेत. घरातल्या अंतरावर छर्रे फारसे पसरत नाहीत, जवळपास एका जागी जाऊन बसतात, म्हणजे नेम चुकला तर तो पूर्ण चुकतो; आणि पातळ पत्रा किंवा फळी मधे असेल तर पलीकडच्या खोलीत सासूबाई कुठे झोपल्या आहेत याचा हिशेब तुम्हाला त्याच क्षणी करावा लागेल. हे सगळे टाळायला बंदूक भरून उशाशी ठेवावी, तर ती वर्षाचे सगळे दिवस मुलाच्याही उशाशी असते.

या बाबतीत अमेरिकेत बरेच संशोधन झाले आहे. कॅलिफोर्नियातल्या प्रौढांविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पिस्तूल बाळगणाऱ्यांसोबत एका घरात राहणाऱ्या माणसांचे खुनाने मरण्याचे प्रमाण पिस्तूल नसलेल्या घरांतल्या माणसांच्या दुपटीहून अधिक आढळले. तिथली पिस्तुले आणि आपली जुनी दुनळी यांची सरळ तुलना करू नये हे खरे, पण घरात हत्यार आले म्हणजे धोका घराबाहेर गेला हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते, तुम्हालाही विचारते : घरात कुणी खोल नैराश्यात आहे का, दारूच्या आहारी गेलेले आहे का, रागाच्या भरात हात उगारणारे आहे का? यांतल्या एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर पुढचा विचारच करू नका.

बार उडालाच तर काय, हेही माहीत हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा अधिकार कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. तो भरपूर आहे. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध किंवा जिवावर उठलेल्याविरुद्ध तो समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हेही म्हटले आहे की भीतीने घेरलेल्या माणसाकडून पावलापावलाचा मोजूनमापून विचार करण्याची अपेक्षा धरता येत नाही. मात्र बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करण्याची मुभा आहे. कोंबड्या घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर झाडलेली गोळी या अधिकारात बसणे फार कठीण, आणि बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी गोळी झाडणाऱ्यावर येते. बंदूकच विनापरवाना असेल तर बचाव मान्य होऊनही तो दुसरा गुन्हा तसाच उभा राहतो.

माझा कौल विचाराल तर मी बंदूक परवानाधारकाला विकून टाका म्हणेन आणि आलेले पैसे घरावर खर्च करा. पतींना वडिलांची आठवण म्हणून ती ठेवायचीच असेल तर परवाना त्यांनी त्यांच्या नावावर घ्यावा, पण "ती आहे म्हणून बायको-मुले सुरक्षित" असा त्यांनी स्वतःचा समज करून घेऊ नये. ते घरी नसताना ती त्यांच्या कपाटात बंदच राहायची आहे. वस्तीच्या सुरक्षेचे पैसे दिसायला साध्या गोष्टींत घाला. मागच्या दाराला आतून भक्कम अडसर, खिडक्यांना गज, वीज गेली तरी पेटणारे सौर दिवे, अंगणात हालचाल होताच लागणारा एक दिवा, आणि दूरवर ऐकू जाईल असा भोंगा ज्याचे बटण तुमच्या आणि सासूबाईंच्या, दोघींच्या उशाशी असेल. घरातली एक खोली अशी ठरवा की काही झाले तर तिघेही तिथे जाऊन आतून कडी लावतील. एक चार्ज केलेला फोन कायम तिथेच ठेवा. ११२ वर बोलताना वस्तीचा पत्ता कसा सांगायचा हे सासूबाईंकडून दोन-तीनदा म्हणवून घ्या, कारण गट क्रमांक सांगून गाडी पोहोचत नाही, कालव्याचा पूल किंवा डीपीची खूण सांगावी लागते. पोलिस पाटलांना भेटून ग्राम सुरक्षा दलाची रात्रीची फेरी तुमच्या बाजूने जाते का ते विचारा, आणि शेजारच्या वस्त्यांशी ठरवून घ्या की एकाचा भोंगा वाजला की सगळ्यांनी दिवे लावून आवाज करायचा. दागिने आणि रोकड घरात ठेवू नका, आणि ते ठेवत नाही हे चारचौघांत सहज बोलून दाखवा.

रानडुकरांमुळे बंदूक हवी असे लिहिणाऱ्या वाचकांसाठीही एक खुलासा करते, कारण तशी पत्रे नेहमी येतात. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नाही. पीक वाचवण्यासाठीसुद्धा वन्य प्राण्यावर गोळी झाडायची तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

आणि ज्यांचे वडील किंवा सासरे हयात आहेत व ज्यांच्या घरात परवान्याची बंदूक आहे, त्यांनी या ताईंसारखी वेळ येण्याची वाट पाहू नये. परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, यांतले जे आधी होईल तेव्हा त्याला आपल्या हयातीतच वारस नेमून परवाना त्याच्या नावे मागता येतो. घरात कुणालाच ती नको असेल तर हेही म्हाताऱ्यांच्या समोर, त्यांना सोबत घेऊन ठरवावे, आणि विक्रीचा व्यवहार त्यांच्याच सहीने पूर्ण करून घ्यावा.